तीन इंची नळी आणि अधिक महिना

दिवाळी अंक उघडला की त्यातून उटण्याचा, भाजणीचा, निदान नव्या कागदाचा तरी वास यावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र संडासाच्या नळीवर लिहिणार आहे. घरात फराळ चालू असेल तर हे पान खुशाल मिटून ठेवावे आणि हात धुऊन झाल्यावर उघडावे. मला राग येणार नाही.

ही नळी अमेरिकेतली. माझी थोरली बहीण मिशिगन राज्यात असते. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, एक लहानसा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची ही चाकांवरची खोली. लांबी अवघी 17 फूट. पण तेवढ्यात बिछाने, शेगडी, बेसिन, न्हाणी आणि संडास सगळे बसवलेले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. विंचवाला संडास लागत नाही, एवढाच काय तो फरक. पण सारा घोटाळा त्या फरकातच आहे.

2023 साली जुलैच्या अखेरीस आई आणि मी तिकडे गेलो. त्या वर्षी श्रावण अधिक होता. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. अधिकात जावयाला वाण द्यायचे, तेही तेहतिसाच्या हिशेबाने. तेव्हा मोजून 33 अनारसे डब्यात भरून आईने सांगलीहून विमानाने नेले. वाण दिले, ओवाळले, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पाचजण (भाची धरून) ट्रेलर जोडून उत्तरेला निघालो.

पहिला मुक्काम एका सरकारी उद्यानात, सरोवराकाठी. तिथून निघताना दाजींनी रबरी हातमोजे चढवले आणि बाहेरच्या कप्प्यातून एक सुरकुतलेली, अजगरासारखी नळी ओढून काढली.

“हे काय करताहेत?” आईने ताईला विचारले.

“टाकी रिकामी करायचीय, आई. संडासाची.”

आई काही बोलली नाही. पण त्या क्षणापासून तिने ट्रेलरमधल्या संडासात पाऊल टाकले नाही. ज्याला चार दिवसांपूर्वी नारायण म्हणून ओवाळले, त्याने आपली घाण काढायची? छे! रात्री ती विजेरी घेऊन दोनशे पावलांवरच्या सार्वजनिक स्नानगृहाकडे जाऊ लागली. अंधारात झाडांची मुळे वर आलेली, आई बहात्तर वर्षांची. मग जाणेच नको म्हणून तिने संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले. तिसऱ्या दिवशी तिला उन्हाळी लागली. ताई रडकुंडीला आली. “तुम्हीच काहीतरी सांगा तिला,” असे ती दाजींना म्हणाली. दाजी बिचारे काय सांगणार? सासूशी या विषयावर बोलण्याची सोय आपल्या भाषेत कुणी करून ठेवली आहे?

त्यात दुसरी अडचण निघाली. आईने पाहिले की ती नळी प्लॅस्टिकच्या टबात घालून ज्या कप्प्यात ठेवतात, त्याच कप्प्यात पिण्याच्या पाण्याची पांढरी नळीही वेटोळे करून पडली आहे. झाले! ट्रेलरच्या नळाचा चहाही बंद.

मी मनातून हसलो. म्हटले, सोवळे-ओवळे सातासमुद्रापार आले. पण दाजी हसले नाहीत. ते इंजिनियर आहेत. टबाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. हेच पहिल्यांदा शिकवतात आणि हेच मी जागेच्या टंचाईपायी मोडलं.”

इथे थोडी माहिती द्यायला हवी. ट्रेलरच्या पोटाखाली दोन टाक्या असतात. एकीला काळी म्हणतात, ती संडासाची. दुसरी करडी, तिच्यात न्हाणीचे आणि बेसिनचे सांडपाणी जाते. दोन्हींचे तोंड बाहेर एकाच तीन इंची वाटेला मिळते, आणि त्या तोंडाला ही नळी पीळ देऊन अडकवतात. काळ्या टाकीची झडप रोज उघडायची नाही. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची, नाहीतर पाणी निघून जाते आणि घट्ट ते तळाशी साचून बसते. रिकामी करताना आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपसूक विसळली जाते. ही व्यवस्था ज्याने बसवली त्याला नमस्कार. पण ही नळी प्रवासात ठेवायची कुठे, याचे उत्तर मात्र त्याने ग्राहकावर सोडले आहे.

जुन्या ट्रेलरांत उत्तर सोपे होते. मागचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ लोखंडी नळकांडे. दोन्ही टोकांना झाकणे, आत नळी सारायची. आमच्याही ट्रेलरला तसा बंपर होता. मग नळी त्यात का नाही? कारण हल्लीच्या नळ्यांना टोकाशी कायमची जोडणी बसवलेली येते, आणि तिचे कान चार इंचांपेक्षा रुंद. नळी आत जाते, टोक जात नाही. शिवाय ओल्या नळीने बंपर आतून गंजतो तो वेगळाच. मोठ्या गाडीत यासाठी वेगळे कप्पे असतात. लहान ट्रेलरात कप्पा एकच. पिण्याचे पाणी, खुर्च्या, कोळसा आणि हे, सगळे शेजारी शेजारी.

दुपारी वाटेतल्या एका गावात दाजी हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि कुंपणाचा खांब घेऊन आले! पांढऱ्या प्लॅस्टिकचा, पाच इंची, चौकोनी, आतून पोकळ. त्यांनी तो करवतीने पाच फुटांवर कापला. एका टोकाचे झाकण पक्के बसवले, दुसऱ्याला बिजागरी आणि खिटी. खालच्या अंगाला भोके पाडली, म्हणजे उरलेले पाणी गळून जाईल आणि हवा खेळेल. मग लोखंडी पट्ट्यांनी तो ट्रेलरच्या सांगाड्याखाली मागच्या बाजूला आवळून टाकला, चाकांपासून दूर. मी पाने-पकडी हातात देण्याचे काम केले. नळी दोन्ही टोकांना टोपणे लावून, दाबून आत सारली. दहा फुटांची नळी मिटल्यावर निम्मीसुद्धा राहत नाही. ज्या नळीने टाक्या धुतात तिची रवानगी वेगळ्या पिशवीत. टब फेकून दिला, कप्पा गरम पाण्याने धुतला आणि पांढरी नळी नवी आणली.

आई खुर्चीवर बसून सगळे पाहत होती. कप्पा धुतल्यावर तिने चहा घेतला. संडासाचे मात्र नाव नाही.

दुसऱ्या दिवशी मॅकिनॉचा पूल ओलांडायचा होता. 1957 साली खुला झालेला हा सुमारे 5 मैलांचा पूल. दोन्ही बाजूंना दोन महासरोवरे. पण त्याआधी टाकी सोडायची होती. दाजींनी हातमोजे काढले तशी आई उठली.

“जावईबापू, राहू द्या. हा आहे ना! मुलानं केलं तर चालतं.”

‘हा’ म्हणजे मी. वाचकहो, 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम मिळावे म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी धरलेला आग्रह आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याला गांधीजींनी आरंभलेला उपवास, यावर मी वर्गात दरवर्षी एक तास बोलतो. मुले म्हणतात, सर त्या तासाला फार रंगतात. त्या सकाळी सरांना आधी पाठीत उसण भरल्याचे आठवले, मग घड्याळ आठवले.

शेवटी हातमोजे घातले. जमिनीतल्या भोकावरचे झाकण पायाने सरकवले, नळीचे एक टोक त्यात घट्ट बसवले, दुसरे ट्रेलरला. काळी झडप ओढली. सांध्याला एक पारदर्शक कोपरा असतो, त्यातून सगळे दिसते. मी सरोवराकडे पाहिले. मिनिटाभराने आवाज ओसरला. मग करडी. मग ट्रेलरकडचे टोक उचलून नळी हात-हात करत भोकाकडे निथळवली, धुतली, टोपणे लावली आणि खांबात सारली. सगळे मिळून पंधरा मिनिटे. वास आला; पण तास घेण्याइतकाही दम लागला नाही.

आई केव्हा जवळ येऊन उभी राहिली कळले नाही. तिने खांबाचे झाकण लावले आणि खिटी घातली. म्हणाली, “मिरजेच्या आमच्या वाड्यात टोपली होती. मागच्या बोळातून बाई यायची. तिला खालचं दार होतं, हे एवढं. आम्ही नाक दाबून पळायचो. पावसाळ्यात टोपली गळायची, तिच्या डोक्यावरून.”

“नाव काय होतं तिचं?”

आईने आठवून पाहिले. “कुणी विचारलंच नाही.”

हे काम माणसाकडून करवून घेणे बंद व्हावे म्हणून आपल्याकडे 1993 साली कायदा झाला, आणि तो अपुरा पडला म्हणून 2013 साली दुसरा. मी तारखा सांगायला तोंड उघडले होते. पण आई हात धुवायला निघून गेली होती.

त्या रात्री आम्ही टाक्वामेनॉनच्या धबधब्याजवळ उतरलो. त्याचे पाणी चहासारखे तांबूस दिसते. दलदलीतल्या झाडांचा अर्क त्यात उतरतो. आईने आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिले. मी शपथेवर सांगितले की यात माझा हात नाही.

पहाटे दोनच्या सुमाराला जाग आली. ट्रेलर किंचित हलला. मग पायपट्टीचा खट् असा आवाज आणि थोडे पाणी खळखळल्याचा. दाजींनी झोपेतच कूस बदलली. विजेरी खुंटीवर टांगलेलीच होती.

सकाळी आईने अनारशांचा डबा उघडला, उरलेल्यांतला एक दाजींच्या बशीत ठेवला, एक माझ्या. मग भिंतीवरच्या टाकीच्या दिव्यांकडे बोट करून मला विचारले, “काय रे, किती भरली?”

“एक तृतीयांश.”

“मग अजून थांबायचं,” असे म्हणून तिने चहाला आधण ठेवले.