हापूस अडला कुठे?

नागपुरात पत्रकारिता शिकवताना मला हमखास विचारतात, ‘सर, युरोपचं राजकारण शिकून इथं काय उपयोग?’ मी हापूसची गोष्ट सांगतो. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघानं १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला. बंदी उठली २०१५ मध्ये. ओरड झाली लंडनच्या बाजारात, पण निर्णय ब्रुसेल्सचा! तोही संसदेतल्या भाषणांतून नव्हे, सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या एका तांत्रिक समितीतून आलेला. बातमीदारानं कुठलं दार ठोठवायचं, हे कळायला तो कारभार शिकावाच लागतो. संत्र्याच्या गावात हे पटवून द्यावं लागतं, याचं मात्र नवल वाटतं. ‘इरॅस्मस मुंडस’चा पत्रकारितेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पहिलं वर्ष डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला, दुसरं दुसऱ्या शहरात. शिकवणं इंग्रजीतून.