तापानंतर (भाग 4) : गुडघ्यात कोण दडून बसलंय?

"ताप गया, पन दुखनं नही गयं." पारोळ्याच्या बाजारात हे वाक्य कानावर पडलं, की माझा पहिला संशय चिकनगुन्यावर. पाच-सहा दिवसांत ताप उतरतो. पण महिना-दोन महिन्यांनीही कापूस वेचताना बोटं मिटत नाहीत, सकाळी भाकरी थापताना मनगट साथ देत नाही. रक्ताचा रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि घरातलंच कुणी म्हणतं, "नाटकं करते."

नाटक नव्हे. या रोगाचं नावच टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं, दुखण्यानं वाकून जाण्यावरून पडलेलं. महाराष्ट्राला तो नवा नाही: 1973 साली बार्शीत मोठी साथ आली होती. मग तीसेक वर्षं सामसूम, आणि 2006 मध्ये मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत गावंच्या गावं आडवी. राज्यात 2 लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले.

मग ताप गेल्यावर सांध्यात उरतं काय?

सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. विषाणू गिळून संपवणं हे त्यांचं काम. चिकनगुन्याचा विषाणू मात्र त्यांच्याच पोटात मुक्काम ठोकतो. राखणदाराच्याच खोलीत चोर! माकडांवरच्या प्रयोगांत रक्त स्वच्छ झाल्यावरही या पेशींत तो सापडला. रियुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्यात तर दीड वर्षानंतर त्याचे अंश मिळाले.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी जवळपास दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यात विषाणू नव्हताच, सांधे मात्र दुखतच होते. म्हणजे चोर गेला तरी आरडाओरडा चालूच. 'इंटरल्युकिन-6' सारखी दाह पेटवणारी रसायनं दुखणं लांबलेल्या काहींच्या रक्तात चढी राहतात. काहींच्या बाबतीत आधीपासून दबा धरून असलेला संधिवात या निमित्तानं उघड होतो. मला वाटतं, सगळ्यांना एकच कारण लावणं ही यातली मोठी चूक आहे. कोरोनानंतरच्या थकव्याचंही तसंच: कुणाच्या आतड्यात विषाणूचे अंश उरलेले, कुणाची प्रतिकारशक्ती शांतच न झालेली.

उपचारही म्हणूनच माणसागणिक वेगळे. शेजारणीला लागू पडलेली 'ताकदीची गोळी' मागून खाऊ नका. ती स्टेरॉइड असू शकते. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजत असतील, सकाळी अर्धा-एक तास आखडत असतील, तर संधिवाताची तपासणी करून घ्या.

आणि हो, हा विषाणू आणणारा एडिस डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाची वाट पाहत आपण भरून ठेवलेले ड्रम आणि रांजण त्याला आयतेच मिळतात. तेव्हा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: भांडी रिकामी करा, घासा, उन्हात पालथी घाला.