कचऱ्याखालची खाडी पुन्हा श्वास घेते तेव्हा... चेन्नईची तोलकाप्पिया पूंगा

चेन्नईला गेलं की आपली यादी ठरलेली असते. मरीना बीच, मैलापूरचं कपालीश्वर मंदिर आणि रेशमी साड्यांची खरेदी. या यादीत आणखी एक नाव लिहून ठेवा, तोलकाप्पिया पूंगा. तामिळमध्ये पूंगा म्हणजे बाग. 'तोलकाप्पियम' हा तामिळ व्याकरणाचा प्राचीन ग्रंथ लिहिणाऱ्या तोलकाप्पियर यांचं नाव तिला दिलं आहे. सुमारे ५८ एकरांची ही बाग उभी राहिली ती राडारोडा आणि कचऱ्याने भरलेल्या जागेवर!

आधी काय होतं?

अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे गोडं आणि खारं पाणी एकत्र येतं. मासे, खेकडे आणि पक्ष्यांसाठी अशी खाडी म्हणजे हक्काचं घर. पण शहर वाढलं तसं इथे बांधकामाचा राडारोडा पडू लागला, सांडपाणी आलं, कचरा साचला. खाडी वाचावी म्हणून पर्यावरणप्रेमी नागरिकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. २००६ मध्ये सरकारने अड्यार पूंगा ट्रस्ट स्थापन केला आणि कामाला दिशा मिळाली.

बाग कशी घडली?

आराखड्याचं काम ऑरोविलच्या पिचांडिकुलम या वनतज्ज्ञ संस्थेकडे आलं. आधी राडारोडा काढला. मग भरतीचं पाणी पुन्हा आत यावं म्हणून जमिनीला उतार आणि खोलगट भाग दिले. शोभेच्या विदेशी झाडांऐवजी या किनाऱ्यावरची देशी झाडं आणि खारफुटी लावली. जानेवारी २०११ मध्ये उद्यानाचं उद्घाटन झालं.

कलाकारांचा हातही इथे जागोजागी दिसतो. प्राण्यांची शिल्पं, चित्रं आणि माहितीफलक यांमुळे मुलांना खाडीतल्या जीवांची ओळख खेळता खेळता होते. एरवी आपलं लक्षही जाणार नाही असा छोटासा जीव शिल्पात मोठा दिसला की मूल थांबतं, प्रश्न विचारतं.

बाग नक्की कुणाची?

ही नेहमीसारखी बाग नाही. उद्घाटनानंतर अनेक वर्षं इथे आधी नोंदणी करून, ठरावीक दिवशीच प्रवेश मिळायचा. शाळांच्या सहलींना प्राधान्य होतं. शेजारी राहणाऱ्यांना रोज फिरायला जागा हवी असते, तर पक्ष्यांना शांतता. दोघांचंही खरंच आहे. पण गर्दी वाढली तर ज्यांच्यासाठी खाडी वाचवली, तेच जीव निघून जातील. म्हणून जाण्याआधी सध्याचे नियम आणि वेळा नक्की तपासा.

आपल्या मुंबईतही आहे!

धारावीच्या शेजारी, मिठी नदीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान असंच कचराभूमीवर उभं राहिलं. १९८३ मध्ये तिथलं पहिलं झाड लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी. आज त्या ३७ एकरांवर दाट झाडी आहे.

मुलांना घेऊन जाल तेव्हा

• खारफुटीची चिखलातून वर आलेली मुळं दाखवा. चिखलात हवा कमी असते, म्हणून ही मुळं वर येऊन श्वास घेतात.
• खाऊची पाकिटं परत घरी आणा.
• मोबाइलवर गाणी लावू नका, पक्ष्यांचे आवाज मोजा.

गोष्ट इथे संपत नाही

चेन्नईचा कचरा वर्षानुवर्षं पेरुंगुडी आणि कोडुंगैयूर इथे साठत आला. त्यातली पेरुंगुडीची कचराभूमी पळ्ळीकरणै पाणथळीतच आहे आणि या पाणथळीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळाचा दर्जा मिळाला! जुना कचरा वेगळा करून हटवण्याचं काम तिथे हाती घेतलं गेलं. पण आपल्या घरातून ओला आणि सुका कचरा एकत्रच बाहेर पडत राहिला, तर एक खाडी वाचेल आणि दुसरी भरेल. त्यामुळे बागेतून परत आल्यावर स्वयंपाकघरात दोन डबे ठेवा आणि कोणत्या डब्यात काय टाकायचं, हे ठरवायचं काम मुलांकडे द्या.