सणांचे पंचांग आणि घरचे ताट

जानेवारी महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला, की पुण्यातील कर्वेनगरच्या भाजीबाजारात एक वेगळाच जिन्नस दिसू लागतो. ओला हरभरा, मटार, पावटा, घेवडा, गाजर, वांगी अशा अनेक भाज्यांचे एकत्र वाटे मांडलेले असतात. ही भोगीची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती तीळ आणि शेंगदाण्याचे कूट घालून शिजते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाच्या डाळीची खिचडी असते. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण घरोघरी परिचित आहे. या एका जेवणात धान्य, डाळ, भाजी, तेलबी आणि स्निग्ध पदार्थ हे सर्व अन्नघटक एकत्र आलेले असतात, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

ऋतूशी जुळलेले पंचांग

आपल्या सणांचे आणि ऋतूंचे नाते योगायोगाचे नाही. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणजे ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान भरते. हे अंतर भरून काढण्यासाठी साधारणतः तिसऱ्या वर्षी अधिक महिना धरला जातो. त्यामुळेच श्रावण नेहमी पावसाळ्यात येतो आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी हमखास मिळते. पंचांग ऋतूला धरून चालते, म्हणून सणाचा पदार्थही त्या त्या ऋतूत पिकणाऱ्या जिनसांचा राहतो.

चैत्रात वाटली डाळ आणि कैरीचे पन्हे, श्रावणी पौर्णिमेला नारळीभात, गौरी घरी येतात त्या दिवशी अनेक घरी भाजीभाकरी, कोजागरीला आटीव दूध आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा, असा हा क्रम आहे. नागपंचमीला चिरणे व तळणे वर्ज्य, म्हणून पुरणाचे दिंड वाफवून केले जातात. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. त्यामुळे अळू, माठ, सुरण, पडवळ, लाल भोपळा अशा परसातील भाज्यांना त्या दिवशी मान मिळतो.

हा विचार एका धर्मापुरता मर्यादित नाही. रमजानचा रोजा खजुराने सोडण्याची रीत आहे आणि ईदला शीरखुर्म्यात दूध, खजूर व सुकामेवा एकत्र येतो. कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल समाजाच्या मलिद्यात पोहे, नारळ आणि फळे असतात. श्रद्धा वेगवेगळ्या असल्या, तरी आपल्या भूमीत पिकते ते ताटात मानाने वाढावे, ही दृष्टी समान आहे.

परंपरेतील पोषण

आहारशास्त्राच्या कसोटीवर यातील बरेचसे पदार्थ उतरतात. १०० ग्रॅम तिळात १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच बाजरीतून ६ ते ८ मिलिग्रॅम लोह मिळते. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असते. डाळीत उणे असणारे मेथिओनिन धान्य पुरवते. पुरणपोळीत ही दोन्ही एकत्र येतात. पुरणाची डाळ शिजवून उरलेला कटही वाया जात नाही, त्याची आमटी होते.

परंतु पुरणपोळी वर्षातून मोजक्या वेळा होते आणि त्या दिवशी गूळ, तूपही सढळ हाताने वापरले जाते. तेव्हा सणाच्या ताटातून घ्यायचे ते त्यातील वैविध्य आणि धान्य-डाळीची जोड. रोजच्या वरणभातात, ज्वारीच्या भाकरी-पिठल्यात अथवा उसळ-पोळीत तीच जोड अल्प खर्चात साधते. भोगीची भाजी संक्रांतीपुरती न ठेवता हिवाळाभर आठवड्यातून एकदा करता येईल. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यात गौरविलेली बाजरी, ज्वारी आणि नाचणी आपल्या स्वयंपाकघराला मुळीच नवी नाहीत.

उपवासाचा फराळ

उपवासाच्या पदार्थांबाबत मात्र थोडा विवेक हवा. साबूदाण्याची खिचडी आज उपवासाचा मुख्य पदार्थ झाली आहे. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, त्याचप्रमाणे बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. ती सोळाव्या शतकापासून हळूहळू आपल्याकडे आली. म्हणजे उपवासाचा फराळ प्राचीन काळापासून जसाच्या तसा चालत आलेला नाही. तो पूर्वी बदलला आहे आणि आजही विचारपूर्वक बदलता येईल.

साबूदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाममात्र असतात. याउलट १०० ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोहही चांगले असते. राजगिऱ्याची भाकरी, वरीचा भात व शेंगदाण्याची आमटी, ताक आणि फळे असा फराळ व्रताला बाधा न आणता शरीराला आधार देतो. मधुमेही व्यक्ती, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कडक उपवास करू नयेत.

पंक्तीत कोण बसते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. घराचे पोषण जिच्या हाती, तिचेच पोषण उणे राहते. याची कारणे अनेक आहेत. तथापि जी रांधते तिने सर्वांत शेवटी, उरलेले खावे, ही जुनी रीत त्यांपैकी एक आहे. सणाच्या दिवशी तर पहाटेपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीचे पान दुपार टळल्यावर मांडले जाते.

कर्वेनगरच्या भूमीत या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. येथील जुने गाव हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाचे कार्य १९०० साली येथील एका झोपडीत सुरू झाले. त्या काळी विधवेला सणाच्या मंगलकार्यात स्थान नसे आणि तिच्या आहारावरही कठोर निर्बंध असत. रूढीने पंक्तीबाहेर ठेवलेल्या त्या स्त्रियांना येथे आसरा आणि शिक्षण मिळाले. पुढे १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांना स्त्रियांच्या उच्च शिक्षणात स्थान दिले. घरातील काम हाही अभ्यासाचा आणि प्रतिष्ठेचा विषय आहे, हा विचार त्यामागे होता.

आज या परिसरात राज्याच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे आणि विद्यार्थिनी राहतात. अनेक घरांत पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. अशा वेळी सणाचा स्वयंपाक एकटीवर न टाकता सर्वांनी वाटून घेणे अगत्याचे आहे. तीळ भाजणे, भाजी निवडणे, पाने मांडणे ही कामे मुलग्यांनाही शिकवावीत. पदार्थांची संख्या कमी करावी. पण घरातील स्त्रीचे पान सर्वांबरोबर मांडले जाईल असे पाहावे. तिच्या ताटात पालेभाजी, डाळ आणि लिंबाची फोड आवर्जून असावी, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. जेवणालगत चहा मात्र टाळावा. त्यामुळे ते घटते.

भिंतीवरील दिनदर्शिकेवर आपण सण पाहतो, तेव्हा त्या महिन्यात बाजारात काय ताजे व स्वस्त मिळते, त्याचीही नोंद त्याच पानावर करून ठेवावी. त्यावरून आठवड्याच्या जेवणाची आखणी सहज करता येईल आणि सणाच्या ताटातील गुण रोजच्या ताटातही उतरतील.