बेटावरचा पोरगा, सिंफनीतला समुद्र

करिअरसाठी गाव सोडलंय? मग फेरो बेटांवरच्या सुनलाइफ रासमुसेनची गोष्ट वाचाच. ज्या समाजात कुणी कधी सिंफनी लिहिली नव्हती, तिथल्या या माणसानं ती लिहिली. पण त्यासाठी त्याला आधी घर सोडावं लागलं.

नकाशावर आइसलंड आणि नॉर्वे यांच्या मधोमध बोट ठेवा. नीट पाहिलंत तर अटलांटिकमध्ये शिंतोडे उडाल्यासारखी १८ बेटं दिसतील. हीच फेरो बेटं. डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली, पण घरचा कारभार स्वतःचा. माणसं किती? जेमतेम ५५ हजार! आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. झाडं फारशी नाहीत, मेंढ्या मात्र भरपूर. वारा तर विचारूच नका.

यातल्या सांडोय नावाच्या बेटावर १९६१ साली सुनलाइफचा जन्म झाला. तेव्हा तिथे ना मोठा कॉन्सर्ट हॉल, ना ऑपेरा. राजधानी तोर्सहाव्नमध्ये नॉर्डिक हाऊस हे देखणं सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं ते १९८३ साली. तोवर साहेब बावीस वर्षांचे झाले होते!

वाद्यं नाहीत? मग पाय आपटा!

म्हणजे बेटांवर संगीतच नव्हतं का? होतं की, आणि सॉल्लिड होतं. फक्त ते गळ्यात आणि पायांत होतं. फेरोमधला पारंपरिक नाच म्हणजे एकमेकांचे हात धरून केलेली मोठी साखळी. पावलं साधी : दोन डावीकडे, एक उजवीकडे. सोबतीला वाद्य एकही नाही. एक जण पोवाड्यासारखं लांबलचक कथाकाव्य म्हणतो, बाकीचे त्याला साथ देतात आणि लाकडी जमिनीवर पायांचा ठेका पडतो. काही काव्यांची कडवी शेकड्यांत जातात. चर्च आणि शाळांमध्ये अनेक पिढ्या डॅनिश भाषेचं राज्य होतं. त्या काळात फेरो भाषा तगली ती बरीचशी या नाचाच्या जिवावर.

दुसरी गंमत चर्चमधली. थॉमस किंगो या डॅनिश बिशपचं १६९९ सालचं स्तोत्रांचं पुस्तक इथल्या लोकांनी आपलंसं केलं आणि गायची पद्धत स्वतःची काढली. लय अगदी संथ. चाल एकच, पण प्रत्येक जण आपापल्या परीनं ती वळवणार, हरकती घेणार. सगळे मिळून गातात तेव्हा सूर लाटांसारखे एकमेकांवर येऊन आदळतात.

हा सगळा खजिना सुनलाइफच्या कानात होता. त्याचं करायचं काय, हे शिकवणारं मात्र आसपास कुणी नव्हतं.

कोपनहेगनची वाट

नॉर्वेत काही काळ काढल्यावर त्याला क्लासिकलची गोडी लागली. घरी परतून त्यानं संगीत शिकवलं, जॅझही वाजवलं. मग कोपनहेगनची रॉयल अकॅडमी गाठली. १९९० ते १९९५ या काळात तिथे त्यानं इब नोरहोल्म यांच्याकडे कॉम्पोझिशनचे धडे घेतले. इलेक्ट्रॉनिक संगीताचाही अभ्यास केला.

आता तुम्हीच सांगा, बेटावरचा पोरगा युरोपातल्या मोठ्या शहरात शिकायला गेला की काय होतं? एक तर तो गावाकडचं सगळं विसरतो, नाहीतर गावाकडचं तेवढं पोस्टकार्डासारखं विकत बसतो. सुनलाइफनं दोन्ही टाळलं. तो लोकगीताची किंवा स्तोत्राची चाल घेतो, तिचे सूर सुटे करतो, ताणतो, एकमेकांवर रचतो आणि त्यातून संपूर्ण रचनेचा सांगाडा उभारतो. मूळ चाल बऱ्याचदा सरळ ऐकूच येत नाही. घराच्या पायासारखी ती खाली असते.

याच पद्धतीतून १९९५ ते १९९७ या काळात त्याची पहिली सिंफनी आकाराला आली, ‘ओशॅनिक डेज’. फेरो संगीतकारानं लिहिलेली ही पहिलीच सिंफनी! २००२ मध्ये तिला नॉर्डिक कौन्सिलचा संगीत पुरस्कार मिळाला. स्वीडन, फिनलंडसारखे बडे शेजारी रांगेत असताना हा मान पहिल्यांदाच फेरो बेटांवर आला.

ऑपेरा आपल्या भाषेत

पुढचा पराक्रम २००६ सालचा. विल्यम हाइनेसन हा फेरोचा गाजलेला लेखक, पण लिहायचा डॅनिशमध्ये. त्याच्या एका कथेवर सुनलाइफनं ऑपेरा केला. ‘वेड्या माणसाच्या बागेत’ अशा अर्थाचं त्याचं नाव. संहिता दानियल होयदाल यांची आणि भाषा चक्क फेरो. हा पहिला फेरो ऑपेरा नॉर्डिक हाऊसमध्ये रंगला. डॅनिशमध्ये लिहिली गेलेली गोष्ट अशी गात गात घरच्या भाषेत परतली.

जिथे प्रत्येक गोष्ट ‘पहिली’ असते, तिथे कौतुक भरपूर होतं, हे खरं. पण रस्ताही आपणच खणावा लागतो. तुमच्या-आमच्यासारखं ‘सीनियरला विचारतो’ म्हणायची सोय नाही, बॉस!

आता सांडोयलाही रस्ता झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्राच्या तळाखालून जवळपास ११ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. पूर्वी बोटीची वाट बघावी लागायची, आता गाडी काढली की निघालं. तिथल्या पोरांना घर सोडणं सोपं झालं, आणि परत येणंही. सुनलाइफ निघाला तेव्हा ही सोय नव्हती. गळ्यातलं गाणं तेवढं सोबत होतं.

कानाला काय लावाल?

ओशॅनिक डेज : हेडफोन लावा, दिवे घालवा. घाईत ऐकायची चीज नाही ही.

टेरिटोरियल साँग्ज : रेकॉर्डर हे बासरीच्या घराण्यातलं वाद्य आणि ऑर्केस्ट्रा. मिकाला पेत्री या नामवंत वादक बाईंसाठी लिहिलेली रचना. पक्षी गाऊन आपली हद्द ठरवतात, त्यावर बेतलेली.

सॉरो अँड जॉय फँटसी : फक्त रेकॉर्डर, आणि मुळाशी किंगोचं स्तोत्र. रविवारी सकाळच्या चहासोबत बेस्ट!