पक्क्या दातांचा पाया : जबड्याचे हाड

दात पडले की कवळी, हाच ग्रामीण भागातील आजवरचा परिपाठ. आता मात्र खटाव तालुक्यातील वडूजसारख्या ठिकाणची माणसेही सातारा, कराड येथे जाऊन जबड्यात इम्प्लांट, म्हणजे धातूचे खुंट, बसवून त्यांवर पक्के दात लावून घेऊ लागली आहेत. हा उपचार खर्चिक असल्याने तो टिकतो कशावर, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले व १९६५ साली पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. खुंटाला कीड लागत नाही. परंतु त्याला धरून ठेवणारे हाड झिजू शकते. झाडाच्या बुंध्याभोवतीची माती वाहून जावी, तसाच हा प्रकार होय.

वरच्या जबड्याबाबत अधिक दक्षता हवी. तेथील हाड खालच्या जबड्यापेक्षा विरळ असते. शिवाय दाढांच्या वर हवेची पोकळी असल्याने हाडाची उंचीही कमी पडते.

पहिल्या वर्षी सुमारे एक ते दीड मिलिमीटर व त्यानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपर्यंतची झीज सामान्य समजली जाते. त्याहून अधिक झीज, हिरडीतून रक्त वा पू येणे, ही धोक्याची खूण होय. दुखणे बहुधा नसते. खुंट हलू लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

दातांवर साचणारा मळ, पूर्वीचा हिरड्यांचा विकार, धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही झिजेची प्रमुख कारणे आहेत. मिश्री व तंबाखूही हिरड्यांना अपायकारकच. पक्के दात काढून धुता येत नाहीत. म्हणून त्यांच्याखालची जागा बारीक ब्रशने वा दोऱ्याने रोज स्वच्छ करावी आणि दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीत, साधारणतः सहा महिन्यांनी, तपासणी करावी.

दात बसविले त्या वेळचा क्ष-किरण फोटो सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा. पुढील फोटो त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच हाड किती झिजले ते कळते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट जरी घरोघरी पोहोचविली, तरी अनेक कुटुंबांचा कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.