उसाची नोंद होते, मग पोराची का नको?



या पानावर एरवी आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. गावोगावच्या हायस्कुलांतील चांगली खेळणारी मुले हेरून त्यांना आपल्या संघात नेण्यासाठी शहरांतील कॉलेजांचे आणि खेळाच्या अकादम्यांचे प्रशिक्षक आपल्या वस्त्यांवर येतात. त्यांना काय विचारावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना सुचत नाही. म्हणून हा लेख.

आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही वडगाव रासाई भागात फिरत होतो. भीमेच्या काठाकडे एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो. त्यांचा धाकटा मुलगा त्याच जूनमध्ये दहावी झाला होता. कबड्डीत चढाईला पटाईत. शाळेच्या संघातून जिल्ह्यापर्यंत खेळून आलेला. दोन दिवसांपूर्वी एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक मोटारसायकलवरून येऊन गेले होते.

"साहेब, उसाचं नेहमीच विचारतो. आज पोराचं विचारायचंय," अण्णा म्हणाले.

"विचारा की अण्णा."

"अकरावीला आमच्याकडं द्या म्हणतेत. फी माफ, राहायची सोय, बूट-कपडे समदं त्यांचंच. माणूस बोलायला लई चांगला वाटला."

"लेखी काय दिलं?"

"लेखी कशाला? शब्दावर चालतं की."

अण्णांच्या हातात आम्ही नुकतीच दिलेली ऊस नोंदीची पावती होती. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, खाली सही. आम्ही त्या पावतीकडे बोट दाखवले. "चाळीस गुंठे उसाला एवढा कागद लागतो. पोराला काहीच नको का?" अण्णा आधी हसले. मग हसायचे थांबले.

आम्हाला ठेच कुठे लागली

हा शहाणपणा आम्हाला पुस्तकातून आलेला नाही. काही वर्षांमागे आपल्याच कार्यक्षेत्रातील दुसऱ्या एका गावचा मुलगा असाच एका कॉलेजने नेला. कबड्डीचाच खेळाडू. गावाने त्याचा सत्कार केला. हार घालणाऱ्यांत आम्हीही होतो आणि "गावाचं नाव काढ बाबा" असे भाषणही आम्ही केले होते. त्याला काय कबूल केले आहे, हे मात्र आम्ही विचारले नाही.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी सामन्यात पकड सोडवताना गुडघा फिरला. डॉक्टरांनी आतली दोरी तुटल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेचा खर्च घरावर आला. पोरगा महिनोन्‌महिने मैदानाबाहेर बसला, तेव्हा वसतिगृहातील जागा नव्या खेळाडूसाठी हवी असल्याचा निरोप आला. खेळाची प्रमाणपत्रे प्रशिक्षकाच्या कपाटात राहिली आणि बारावीची परीक्षा हुकली. आज तो मुलगा गावातच दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे. कष्टाचा आहे, कुणाला दोष देत नाही. पण भेटला की पहिल्यांदा आमची नजर खाली जाते.

त्या प्रशिक्षकाने फसवले असेही आम्ही म्हणणार नाही. त्याने दिले ते त्याच्या हातात होते तोवर दिले. पुढचे कुणीच ठरवलेले नव्हते.

चांगले हात मिळाले म्हणजे काय होते

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मोठी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. शेतकऱ्याघरचा मुलगा. कराडच्या टिळक हायस्कूलमधून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. अंगाने किरकोळ. कॉलेजच्या स्पर्धेत भाग घ्यायला गेला तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्याची अंगलट पाहूनच नाही म्हटले, असे सांगतात. पोरगा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली आणि त्याने आपल्याहून थोराड मल्ल चीत केले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून जास्त बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक निघाली.

घर गहाण ठेवणारा प्राचार्य दर वेळी भेटत नाही, हे खरे. पण तिथून एक धडा घ्यावा. त्या गुरूने खेळाडूचा नुसता उपयोग केला नाही, त्याच्यासाठी स्वतः जोखीम घेतली. आपल्या दारात येणाऱ्याला हाच प्रश्न विचारायचा आहे: जोखीम सगळी आमचीच, की थोडी तुमचीही? आणि हेही विसरू नये की एवढे पदक आणणाऱ्या खाशाबांना पोट भरण्यासाठी १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून नोकरी धरावी लागली. १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. टाळ्यांनी चूल पेटत नाही.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. वडील शिक्षक. त्यांनी २००९ साली मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे आधी वर्षभर शरीर कमावून घेतले, मग खेळ निवडायला लावला, तेव्हा त्याने नेमबाजी घेतली. २०१५ पासून रेल्वेत नोकरी. पदक त्यानंतर नऊ वर्षांनी आले. म्हणजे पदकाच्या आधी पायाखाली नोकरीची जमीन होती.

त्यांना आपला पोरगा का हवा असतो

हे समजून घेतले की निम्मी भीती जाते आणि निम्मा भाबडेपणाही जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कॉलेजचे नाव झाले की प्रवेशाला गर्दी होते आणि प्रशिक्षकाची नोकरीत पत वाढते. शहरातल्या पोरांपेक्षा आपली पोरे काटक असतात, दमाला पुरतात, आणि मातीत पडायला भीत नाहीत. शिवाय २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून या खेळात पैसा आला. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने ती स्पर्धा जिंकली. तिचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील गरीब घरचा. लिलावातले लाखांचे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. पण हजारो रोपे तपासावीत तेव्हा त्यातले एखादे नवी जात म्हणून पुढे येते. बाकीच्यांचे काय होते, ते त्या आकड्यांत दिसत नाही.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत कॉलेजांचे फुटबॉल प्रशिक्षक लहान लहान गावांच्या हायस्कुलांत जाऊन मुले निवडतात. त्यांचे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा दांडगाईचा खेळ. तिथे १९६४ पासून मुलगा आणि कॉलेज यांच्यात लेखी करारपत्राची पद्धत चालत आली. ते करारपत्र २०२४ मध्ये बंद होऊन शिष्यवृत्तीच्या करारातच सामावले, पण कागद राहिलाच. एवढे असूनही १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षे तिथली शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. दुसऱ्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही, हे कॉलेजच्या हाती. कागद असून तिथे ही गत. कागदच नसेल तर आपल्या पोराने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

दारे किती आहेत

दारात आलेले पहिले दार हेच एकमेव, असे समजू नये.

शासनाच्या क्रीडा प्रबोधिन्यांसाठी ८ ते १४ वयाची मुले-मुली चाचण्या घेऊन निवडतात. उंची, वजन, ३० मीटर धावणे, ८०० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, चेंडूफेक अशा त्या चाचण्या असतात. म्हणजे या चाचण्यांचे दार दहावीनंतर बंद झालेले असते. ज्यांची मुले चौथी-पाचवीत आहेत त्यांनी आताच शाळेत चौकशी करावी. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्‌स कंपन्याही साधारण याच वयाची मुले घेतात आणि खेळाबरोबर दहावीपर्यंत शिकवतात.

ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, मात्र त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी व्हावी लागते. म्हणून प्रमाणपत्र म्हणजे साताऱ्याचा कंदी पेढा नव्हे, वाटून खायला! ते सातबाऱ्यासारखे जपायचे. मूळ प्रत घरच्या पेटीत, झेरॉक्स प्रशिक्षकाला.

मुलींचे काय?

अण्णांच्या घरी आम्ही बोलत असताना त्यांची थोरली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. वहिनी चटकन बोलून गेल्या, "ही त्याच्यापेक्षा चांगली खेळायची. हिला पण विचारायला आले होते, यांनी चहासुद्धा पाजला नाही." अण्णा गप्प. आम्हीही गप्प.

बंधूंनो, मुलीला दूर पाठवताना काळजी वाटते ती खोटी नाही. आपल्याकडे बिबट्याच्या भीतीने पोरे-पोरी संध्याकाळचा सराव अर्ध्यावर सोडून घर गाठतात, तिथे परगावी पाठवणे सोपे कसे असेल? पण काळजीचे उत्तर नकार नव्हे, चौकशी आहे. वसतिगृहावर बाई अधीक्षक आहेत का, संघाबरोबर प्रवासात बाई असतात का, आईला कधीही भेटता येते का, हे जाऊन पाहावे. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर दुष्काळी मुलुखातून निघाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. तिच्याही घरी कुणीतरी हो म्हटले असेल, तेव्हाच ना?

हे सहा प्रश्न विचारावेत

१. फी, राहणे, खानावळ, प्रवास यांतले नेमके काय माफ आणि किती वर्षांसाठी? प्राचार्यांच्या सहीचे, शिक्क्याचे पत्र घ्यावे. प्रशिक्षक बदलून जातो, कॉलेज जागेवर राहते.

२. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? विमा आहे का? खेळता येईना झाले तरी ते शैक्षणिक वर्ष पुरे होईपर्यंत जागा राहील का?

३. तास बुडाले तर शिकवणी कोण भरून काढणार? मागच्या वर्षीच्या संघातील किती मुले परीक्षेला बसली आणि किती पास झाली?

४. त्याच कॉलेजात आधी गेलेल्या दोन मुलांची आणि त्यांच्या आई-वडिलांची भेट घ्यावी. एक खेळत असलेला आणि एक खेळ सुटलेला. दुसऱ्याकडूनच खरे कळते.

५. वय कमी दाखवा, नवा दाखला काढू, असे कुणी सुचवले तर तिथूनच नमस्कार करावा. खोटा दाखला उघडा पडला की खेळ आणि नोकरी दोन्ही जातात. वजनाच्या गटात बसवण्यासाठी पोराला उपाशी ठेवणाऱ्यापासूनही लांब राहावे.

६. शेवटचा प्रश्न पोराला विचारावा: तुला जायचे आहे का? बापाच्या हौसेपायी गेलेला पोरगा दिवाळीला येतो आणि परत जात नाही.

अण्णांनी यातले पहिले दोन प्रश्न त्या क्रीडाशिक्षकांना फोनवर विचारले. आठवड्याने पत्र आले. फी आणि खोली दोन वर्षे माफ, खेळ थांबला तरी परीक्षेपर्यंत खोली कायम. खानावळ मात्र घरच्यांकडे. दवाखान्याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता. अण्णा म्हणाले, "सायेब, बघा, गोड बोलण्यात खानावळ बी होती. कागदात न्हाय." त्यांनी हिशेब केला, अपघात विमा स्वतः उतरवला आणि मुलाला पाठवले. त्या शिक्षकांना राग आला नाही. उलट, असे विचारणारे पालक पहिल्यांदाच भेटले, असे ते म्हणाल्याचे कळले.

लागणीचा ऊस गेला तरी जमिनीत खोडवा असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. खेळाडूचा ऊस लवकर तुटतो. पंचविशी-तिशीत खेळ संपतो. त्याच्या मागे राहणारा खोडवा म्हणजे शिक्षण आणि प्रमाणपत्रे. तो राखला तर पुढची चाळीस वर्षे पीक देतो.

अशी काही पत्रे, करार किंवा दाखले आपल्याकडे आले आणि उमगले नाहीत, तर गट कार्यालयात घेऊन यावेत. हे आमच्या कामात धरलेले नाही, पण बसून वाचून देऊ. एका पोराच्या गळ्यात न विचारता हार घातला, तेवढे आम्हाला पुरे आहे.

आणि अण्णा, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा थोरलीचेही पुन्हा एकदा बघा.

आपला,
ऊस विकास अधिकारी